काळ्या काचेची आत्या

"हे बाईमाणसानं करायचं नसतं," असं कुणी म्हटलं की आमची आत्या कमरेवर हात ठेवून विचारायची, "कुठं लिहिलंय?" समोरचा गडबडायचा. पूर्वी असलं पुष्कळ काही लिहून ठेवलेलं होतं आणि आमच्या नाशिकच्या बौद्ध वस्तीनं ते मानणं कधीच सोडून दिलं होतं, हे त्यालाही ठाऊक असायचं. मग तो आपला चहा पिऊन निघून जायचा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. पंचाहत्तर सालाच्या सुमारास तिच्या मुलाशी माझं लग्न झालं आणि ती माझी सासूही झाली. तेव्हा ती द्वारका चौकाजवळ, खिडक्यांच्या ग्रिल बनवणाऱ्या एका शेडमध्ये झाडलोट करायची. झाडता झाडता वेल्डिंग बघायची आणि जेवणाच्या सुट्टीत कारागिरांनी टाकलेली रॉडची थोटकं घेऊन भंगाराच्या पट्टीवर हात बसवायची. एकदा मालकानं पाहिलं. "बाई, झाडू धर. वेल्डिंगचा होल्डर पुरुषाच्या हातात शोभतो," तो म्हणाला. आत्यानं झाडू त्याच्या टेबलावर ठेवला आणि सरळ घरी आली. "आता आपलं मशीनच घ्यायचं," तिनं जाहीर केलं. मामांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, कपाळाला हात लावला.

पण मशीनच्याही आधी तिनं वेल्डिंग करताना डोळ्यांपुढं धरायची काळी काच घेतली, नवी कोरी. "मशीन जुनं चालंल. डोळे दुसरे मिळत नाय," असं तिचं म्हणणं. दुकानदारानं निळ्या रंगाचं चकचकीत मशीन पुढं केलं. आत्यानं ते एका हातानं उचलून पाहिलं. "उचलता येतंय की! म्हणजे आत तांबं नाय, अॅल्युमिनियम हाय. रंग काय चाटायचाय मला?" शेवटी तिनं कोपऱ्यातलं पोचे आलेलं, थंडाव्याला आत तेल भरलेलं, तांब्याच्या तारेचं धूड पसंत केलं. ते घरी आणताना हातगाडीवाला सबंध रस्ताभर कुरकुरत होता आणि आत्या मागून गाडी ढकलत त्याला उत्तरं देत होती.

मी शिकायला बसले ती माझी लाडकी नायलॉनची साडी नेसून. "ही नेसून होल्डरला हात लावायचा नाय. ठिणगी पडली तर कातडीला चिकटंल. सुती नेस," म्हणून तिनं मला आत पिटाळलं. वर मामांचा जुना खाकी शर्ट चढवायला लावला. मी फुगून बसले, तर तिनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझा रॉड कधी पत्र्याला चिकटून बसायचा, कधी ठिणगी धरायच्या आत विझायचा. "लांब पळालीस की विझतं, अंगावर पडलीस की चिकटतं. नवऱ्याशी वागतीस तशी वाग," ती म्हणाली. मी लाजले, पण त्या दिवसापासून मला अंतर कळलं.

आत्यानं होल्डर टेकवला की गल्लीतले सगळे दिवे मान टाकायचे आणि रेडिओ खरखरायला लागायचे. एका संध्याकाळी शेजारी तक्रार घेऊन आले. बोलता बोलता कुणीतरी बाईच्या जातीला हे शोभत नाही, असंही म्हणून गेलं. आत्या म्हणाली, "लाइटीचं तुमचं खरं हाय. दिवे लागायच्या आत मी मशीन बंद करीन. बाईचं जे बोललात ते मात्र परत घ्या." परत कुणी घेतलं नाही, पण तिनं दिलेला शब्द पाळला.

कामं काही येईनात. गिऱ्हाईक यायचं, "कारागीर कुठाय?" विचारायचं आणि उत्तर ऐकून पुढं जायचं. मामा मशीन विकायचं म्हणू लागले. तेवढ्यात विहाराच्या माळ्यावर मुलांसाठी अभ्यासिका करायचं ठरलं. वर जायला लोखंडी जिना हवा होता. आत्यानं हट्टानं ते काम मागून घेतलं. "हे बिनसलं तर मशीन विका, मी परत झाडू धरते," असं मामांना सांगूनच ती कामाला लागली.

जिना उभा राहिला. पसंतीला सगळी वस्ती जमली. विहाराचे सेक्रेटरीही खूश दिसत होते. आत्या हातोडीनं एकेक पायरी ठोकत वर निघाली आणि मध्येच थांबली. त्या पायरीचा आवाज बद्द आला होता. पुन्हा ठोकून पाहिलं. खाली आली, छिन्नी घेतली आणि सगळ्यांदेखत त्या पायरीचा जोड फोडला. जोडाच्या पोटात जळक्या रॉडचा काळा मळ अडकलेला होता.

"ह्यो जोड माझा हाय. कच्चा हाय," ती मोठ्यानं म्हणाली.

मागं कुणीतरी हसलं. "रंगाखाली कुणाला दिसलं असतं?" एक जण कुजबुजला. सेक्रेटरी म्हणाले, "जाऊ द्या बाई. उद्या द्वारकेचा माणूस बोलावतो."

मला तिचा भयंकर राग आला. गेलं मशीन, आता हिच्या हातात पुन्हा झाडू, एवढंच मला दिसत होतं.

"बोलवा," आत्या म्हणाली. "पण आधी त्याला विचारा, चारचौघांत स्वतःचा जोड तोडशील का?"

आत्यानं पायरी दोन्ही हातांनी उचलून धरली आणि मान दुसरीकडे वळवून मला म्हणाली, "सुमन, घे काच. तू जोड."

मी रागातच होल्डर धरला. रागामुळे असेल, रॉड एकदाही चिकटला नाही. वर जमलेला मळाचा पापुद्रा ठोकून काढला तेव्हा खाली जोड एकसारखा उतरला होता. तो निवल्यावर आत्यानं पायरीवर चढून दोन्ही पायांनी उड्या मारल्या. मग सेक्रेटरींना म्हणाली, "आता तुम्ही या. तुमचं वजन जास्ती हाय." सगळे हसले, आणि सेक्रेटरी खरंच चढून गेले. मला तिचा इतका अभिमान वाटला की काचेआड रडून घेतलं.

त्यानंतर कामांना तोटा राहिला नाही. फाटकं आली, हातगाड्या आल्या, लासलगावला कांदा नेणाऱ्या ट्रॉल्या दारात उभ्या राहू लागल्या. पुढं दहाएक वर्षांनी, साध्या तापाचं निमित्त होऊन आत्या गेली. ती गेल्याचं अजूनही मला पटत नाही.

तिच्या आठवणीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि घरात पाहुणे बसले होते. "ती होती तोवर ठीक होतं. आता मशीन विकून टाका," एक काका म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझा नवरा माझ्याकडे बघत राहिला. एवढ्यात बाहेर ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीचं मागचं फाळकं निखळून लोंबत होतं. ड्रायव्हरनं दारातून हाक मारली, "वेल्डिंगवाली बाई हाय का?"

बाई गेली, असं त्याला सांगायला काका उठले.

"आहे," मी आतूनच ओरडले, आणि पदर खोचून बाहेर आले.