दुसरे वाक्य

"सच बोलो, आहिस्ता बोलो."

डॉक्टरसाहेब हे मला दर शुक्रवारी बजावत. मग खुर्ची मागे सारून रोग्यासमोर उभे राहत आणि त्याला फौजी सलाम ठोकत. आधी डॉक्टरांचा सलाम, मग रोग्याचा. गालाला भोक पडलेला, दोन दिवस धड पाणी न गिळलेला म्हातारा शिपाईसुद्धा त्या सलामासाठी पाठ ताठ करी. तपासणी त्यानंतर.

निजामाच्या राज्यात शाळांना शुक्रवारची सुटी असे. मोमिनाबादेत, म्हणजे आपल्या अंबाजोगाईत, मी शाळेवर नवा मास्तर होतो. वडील मेंढरे राखीत, आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हैदराबादेहून परतलो तेव्हा माझ्या पदवीचे काय करायचे हे गावाला कळेना. डॉक्टरसाहेबांना कळले. ते म्हणाले, "आइए ग्रॅज्युएटसाहब, आपकी जबान चाहिए." मला 'साहब' म्हणणारा हा पहिला माणूस. ते ऋण अजून अंगावर आहे.

ते फौजेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले, हैदराबाद शहराचे. मराठी येत नव्हती. छावणी उठून गेली तरी ते इथेच राहिले. कोणी नेमले नव्हते, कोणी सांगितले नव्हते, पण शुक्रवारची नमाज झाली की ते आपल्या ओसरीवर बसत आणि गाठीच्या दुखण्याचे जुने शिपाई तपासत. ते त्या रोगाला सरतान म्हणत, पुस्तकात आपण कर्करोग म्हणतो, आणि गावात नुसते 'गाठ' म्हणायचे, तेही कुजबुजत. अशा माणसाला घरचे लोक गोठ्यात ठेवीत. लागण होते अशी समजूत होती.

शिपायांना हिंदुस्तानी येत होती, पण ती हुकमाची. 'दाहिने मुड' कळे. दुखण्याची हिंदुस्तानी त्यांना कळत नसे. म्हणून मधे मी.

तुम्ही त्या ओसरीवर आला असतात तर वासानेच परतला असतात. पहिल्या दिवशी मी नाकाला धोतराचा सोगा लावला. डॉक्टरसाहेब जखम धूत होते. मान वर न करता म्हणाले, "हाथ हटाइए. ये आपको देख रहे हैं."

मी हात काढला. तेव्हा माझ्या लक्षात आले, की ते स्वतः मुद्दाम अशा बाजूला बसत, जिकडे रोग्यावरून येणारा वारा लागे.

त्यांच्या शिपायांत घाटनांदूरचा एक हवालदार होता. समुद्रापलीकडच्या लढाईहून हातीपायी धड परत आला आणि इथे गालातल्या गाठीने धरला. जबडा अर्धा उघडायचा, पण जीभ चालूच.

"मास्तर, ह्यो डाक्टर सलाम ठोकतो तवा वाटतं, मी सुभेदार झालतो आन मलाच म्हाईत न्हाई."

त्याची एकुलती लेक दिंद्रुडला दिलेली. लग्नात बाप लढाईवर होता, म्हणून ती रुसलेली. तिला एकदा भेटायचे, एवढेच त्याचे चालले होते. "पर असलं तोंड घिऊन लेकीच्या दारात कसा जाऊ? बरा झालो की जातो."

एका शुक्रवारी डॉक्टरसाहेबांनी त्याची गाठ बराच वेळ चाचपली. मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले.

"इनसे कहिए, जख्म भरेगा नहीं. दो महीने हैं, शायद कम. जिससे मिलना है, अभी मिल लें. दर्द की दवा मैं देता रहूँगा."

हवालदार माझ्या तोंडाकडे बघत होता. "काय म्हंत्यात?"

मी म्हणालो, "वेळ लागेल, पण बरे व्हाल."

का म्हणालो, ते आजही नीट सांगता येत नाही. दया आली असेल. शिकलेल्या माणसाने असे बोलायचे असते असेही वाटले असेल. हवालदार हसला, अर्ध्या तोंडाने. डॉक्टरसाहेबही समाधानाने मान हलवून म्हणाले, "बहादुर आदमी है."

हवालदार दिंद्रुडला गेला नाही. बरा होण्याची वाट बघत बसला. सहा आठवड्यांनी वारला.

पुढच्या शुक्रवारी ओसरीसमोर एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, आवाज अगदी शांत. मी त्या हवालदाराची लेक, म्हणाली.

"आबांनी मला कावून बोलावलं न्हाई? शेजारी सांगत्यात, मास्तरानं बरं व्हनार म्हनलंय, म्हनून थांबले. असल्या तोंडाचा बाप मला नकोसा झाला असता व्हय?"

डॉक्टरसाहेबांनी विचारले, "क्या कह रही है?"

तिथे दुसरा दुभाषी नव्हता. मी तिचा शब्द न् शब्द त्यांना सांगितला. हे माझे पहिले खरे भाषांतर.

त्यांनी हातातली पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली. ओरडले असते तर बरे झाले असते.

"आपने मेरे मुँह से झूठ बोला." मग म्हणाले, "उस दिन मैंने जो कहा था, अब इनको बताइए. सच. आहिस्ता."

मी सांगितले. भरणार नाही, दोन महिने, जिला भेटायचे तिला आत्ताच भेटा. ती ऐकत होती. संपल्यावर एवढेच म्हणाली, "बैलगाडीची दीड दिसाची वाट व्हती फकस्त." आणि वळून चालू लागली. डॉक्टरसाहेबांनी तिच्या पाठीला सलाम केला. तिला तो दिसला नाही.

पुढच्या शुक्रवारी मी घरीच बसलो. दुपारी त्यांचा नोकर आला. "साब बुलाते. पाटी-पेन्सिल लाने को बोले."

गेलो. त्यांनी पाटी माझ्यासमोर ठेवली आणि मराठी शिकवा म्हणाले. मी अ काढला. त्यांनी तो बोटाने पुसला. त्यांना अक्षरे नको होती, दोन वाक्ये हवी होती. अर्थ उर्दूत सांगितला, मी मराठी केली. साठीतला तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत पहिलीतल्या पोरासारखा घोकू लागला. ण काही केल्या येईना.

"बरं होनार नाही. दुखू देनार नाही."

त्यानंतर ते स्वतः सांगत. सलाम करून, गुडघ्याला गुडघा लावून बसून, हळू. पाटोद्याकडचा एक नाईक ऐकून म्हणाला, "डाक्टर, पयलं वाक्य जरा कच्चं ऱ्हायलं असतं तर चाललं असतं." मी भाषांतर करताच ते मोठ्याने हसले. पण दुसरे वाक्य त्यांनी कधी खोटे पडू दिले नाही. अफूचा अर्क घेऊन घोड्यावरून गावोगाव जात. मला त्यांनी त्या दिवसाबद्दल पुन्हा एक शब्दही ऐकवला नाही. माझी खुर्ची होती तिथेच राहिली.

आणि एका गुरुवारी, धडधाकट माणूस, नमाजेआधी हातपाय धुवायला बसले ते उठलेच नाहीत. मला निरोप आला तेव्हा मी निरोप आणणाऱ्यालाच खोटे ठरवले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दफन सकाळीच झाले होते. ओसरीसमोरच्या लिंबाखाली सहा शिपाई येऊन बसले होते, लांबच्या गावांचे. त्यांना काही माहीत नव्हते. मला बघून एक जण तोंडावरचे फडके सावरत म्हणाला, "मास्तर, डाक्टर दिसंनात. यायलेत न्हवं?"

'येतील' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता.

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. मला सलाम कधी नीट जमला नाही, तरी केला. सहाही जण पाठी ताठ करून उठले. मग मी खाली बसलो.

"डॉक्टरसाहेब येणार नाहीत," मी हळू म्हणालो. "काल गेले."

ते सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले, दुसऱ्या वाक्यासाठी. ते वाक्य माझ्याकडे नव्हते.