येत नाही म्हणून सांगा

भिलाईच्या कारखान्यात मी स्टोअरमध्ये क्लर्क होतो. एक दिवस ट्रेनिंगवाला साहेब आला आणि कोणाला काय काम येतं ते वहीत लिहू लागला. तासन् तास रॅकांमध्ये उभा राहायचा, बोलायचा कमी. जामुलहून बसने येणारे लोडर कुजबुजले, "लिस्ट बन रही है, छँटनी होगी." माणसं कमी करणार, असं मलाही वाटलं.

रॅकवरून सामान काढून देणाऱ्या मजुराला तिथे खलाशी म्हणत. आमचा खलाशी मूळचा भंडाऱ्याकडचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. शाळा चौथीपर्यंत. पण डब्यावरची चिठ्ठी फाटलेली असली तरी बेअरिंग तळहातावर फिरवून ते कोणत्या मशीनचं, हे तो सांगायचा. मी त्याला बाजूला घेतलं. "दादा, साहेबाने विचारलं तर येत नाही म्हणून सांगा. एकदा लिहून घेतलं की तुमची गरज सरली."

साहेबाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नाही जी, मी फक्त डबे उचलतो."

आठवडाभरात कारखान्यातल्याच मिलचा फोरमन घाईने आला. मशीन बंद होती, आम्ही पाठवलेलं बेअरिंग बसत नव्हतं. डब्यावर नंबर बरोबर, आत माल भलताच. मी रजिस्टर चाळत राहिलो. साहेब शेजारीच उभा. खलाशाने थोडा वेळ वाट पाहिली, मग शिडी लावली, मागच्या रॅकवरचे तीन-चार डबे उघडले आणि एक बेअरिंग फोरमनच्या हातात दिलं. ते बसलं. साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं.

पंधरा दिवसांनी खलाशाला इंग्रजीत पत्र आलं. मीच वाचून दाखवलं: तीन महिने ट्रेनिंग, मग माझ्या शेजारी, माल देण्याच्या टेबलावर नेमणूक, शिवाय नव्या लोकांना शिकवायचं. आत कुठे अट दडली आहे का, म्हणून मी ते दोनदा वाचलं.

तो म्हणाला, "बाबूजी, तुमी मले गप्प राहाले कावून सांगतलं?"

"तुमच्या भल्यासाठी, दादा."

"का मी तुमच्या बाजूच्या खुर्चीवर बसन म्हणून?"

मला राग आला. कोहक्याला घरी पोचेपर्यंत तो राग उरला नव्हता. छाटणीची भीती खरी होती. पण त्याच्या जागी माझ्या नात्यातला कोणी असता, तर मी त्याला स्वतः साहेबापुढे उभं केलं असतं.

पुढे आम्ही कितीतरी वर्षं शेजारी बसलो. त्याच्या हाताखाली बरेच लोक तयार झाले. चहा रोज सोबत व्हायचा. पण रजिस्टरात मी भरलेली प्रत्येक ओळ तो बोट ठेवून पुन्हा तपासायचा.