कमळताईंच्या पिशवीतलं धोतर

कमळताई आज सकाळी गेल्या.

माझ्या सासऱ्यांचं एक जुनं धोतर अजून त्यांच्या पिशवीतच आहे.

हसू नका. त्या धोतरामुळे माझी तन्वी उन्हात चालायला लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. कमळताई आमच्या कैनाडच्या पाड्यावर अंगणवाडी चालवायच्या. पोरं त्यांना बाई म्हणायची. आवाज असा, की खिचडी शिजली हे ओढ्यापलीकडे कळायचं.

तन्वी तेव्हा चार वर्षांची. पावसाळाभर नाचत अंगणवाडीत गेली. नवरात्र झालं, लख्ख ऊन पडलं, आणि आमच्या या छोट्या बाईसाहेबांनी पडवीबाहेर पाऊल टाकायचंच बंद केलं.

उचलून नेलं तर डोळे गच्च मिटून माझ्या मानेला मिठी. खाली ठेवलं की किंचाळणं. का, ते सांगेना.

मी महालक्ष्मीआईला नवस बोलले. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागलीय. सायवनच्या भगताला दाखवू." शेजारीण तर सरळ म्हणाली, "ही काही शाळेत जायची नाही."

ते जिव्हारी लागलं. मी स्वतः मॅट्रिक. पुढचं राहून गेलं. पोरीचं तर उंबऱ्यातच अडकतंय की काय, या टेन्शनने घास उतरेना.

मग कमळताई घरी आल्या. चहा मागून घेतला, बशीत ओतला, आणि पडवीत बसून नुसत्या बघत राहिल्या.

तन्वी पडवीत चेंडू खेळत होती. चेंडू उन्हात गेला. ती कडेपर्यंत गेली, एक पाय बाहेर टाकला, जमिनीकडे बघितलं आणि धूम मागे.

"वहिनी, पोर उन्हाला नाही भीत," कमळताई म्हणाल्या. "पायाला जे चिकटलंय ना, त्याला भितेय."

तिला मांडीवर घेऊन विचारलं, "कोण आहे गं तिथे?"

"काळा बाबा."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. पोर जेवत नाही म्हणून रोज त्याच सांगायच्या, काळा बाबा धरून नेईल. ढगाळ दिवसांत तो आला नाही. ऊन पडलं आणि मेला थेट पोरीच्या पायाशीच येऊन उभा!

कमळताई रागावल्या नाहीत. "आजी, तुमच्या बाबाला उद्यापासून माझ्याकडे कामाला पाठवा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी अंगणवाडी आमच्या अंगणात.

माझ्या स्वयंपाकघरातून झारा, तांब्या, पोळपाट, काय दिसेल ते उचललं. एकेक वस्तू उन्हात धरून, कोळशाने तिच्या सावलीची कड सारवलेल्या जमिनीवर काढली. मग सगळ्या वस्तूंचा ढीग केला.

"ज्याची सावली त्याला नेऊन द्या!"

राघूने तांब्या उचलून झाऱ्याच्या सावलीवर ठेवला.

पडवीतून आवाज आला, "अरे, तांब्याला शेपूट असतं का?"

माझी तन्वी! इतक्या दिवसांत पहिल्यांदा उन्हातल्या खेळात तोंड घातलं.

कमळताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला म्हणाल्या, "वहिनी, एक पांढरं धोतर द्या."

मामंजी वारल्यावर ते मी बोहारणीसाठी जपून ठेवलं होतं. तिच्याकडच्या स्टीलच्या डब्यावर माझा डोळा होता. माझ्या घरात चिंधी वाया जात नाही, हे सगळ्या पाड्याला ठाऊक.

"फाटकं आहे हो," मी म्हटलं.

"मग कशाला जीव अडकवता? आणा."

आणलं. धोतर दोरीवर पसरलं. पलीकडे ऊन. एका पोराने उन्हाच्या बाजूला उभं राहायचं, बाकीच्यांनी अलीकडून सावली बघून नाव सांगायचं.

तन्वी पडवीतून सगळ्यांच्या आधी ओरडायची. मोठे कान, राघू. दोन वेण्या, सोनी.

सगळ्यांची पाळी झाली. एकच उरली.  कमळताईंनी पोरांना गप्प केलं. थांबल्या.

तन्वी डोळे मिटून खाली उतरली. माझा हात धरून धोतरामागे गेली. मी हात सोडवून घेतला. मनात देवीचं नाव.

अलीकडून पोरं ओरडली, "तन्वी! तन्वी!"

तिने डोळे उघडले. खाली बघितलं. एक पाय उचलला. त्यानेही उचलला.

"आई, काळा बाबा माझाच आहे!"

त्या दिवशी उन्हात बसून खिचडी खाल्ली पोरीने. ताट चाटून.

नवस फेडून आल्यावर पहिला प्रसाद मी कमळताईंना दिला. महालक्ष्मीआईने माझं ऐकलं आणि त्यांना पाठवलं, असंच मी आजही मानते.

धोतर काही परत आलं नाही. दर वर्षी नवी पोरं, तेच धोतर. भेटल्या की मी म्हणायची, "माझा डबा बुडवलात." त्या म्हणायच्या, "या की न्यायला."

पुढे शुगरने त्यांची नजर गेली. तलासरीला लेकीकडे राहायला गेल्या.

गेल्या महिन्यात आम्ही मायलेकी भेटायला गेलो. खाटेसमोर दार, दारातून ऊन. आम्ही दारात उभ्या राहिलो तोच त्यांनी हात वर केला.

"बोलू नका. तोंड दिसत नाही मला, सावली कळते अजून."

थोडा वेळ बघत राहिल्या.

"वेणी डाव्या खांद्यावर. तन्वी."

आणि मग, "ही वहिनी. डबा मागायला आली."

किती हसलो तिघी!

तन्वी आता बारावीला आहे, बसने एकटी डहाणूला कॉलेजला जाते, हे ऐकल्यावर त्यांनी तिचा हात निघेपर्यंत सोडला नाही.

आज फोन आला. पुन्हा गेलो.

तेच दार, तेच ऊन. खाट काढली होती. त्यांना खाली घेतलं होतं, उशाशी दिवा.

आम्ही दारात उभ्या राहिलो. आमच्या सावल्या त्यांच्यापर्यंत पोचल्या.

तन्वीने वेणी डाव्या खांद्यावर घेतली आणि बराच वेळ तशीच थांबली.

निघताना त्यांच्या लेकीने त्यांच्या पिशवीतून धोतर काढून माझ्यासमोर धरलं. मी घडी करून परत आत ठेवलं. म्हटलं, इथल्या अंगणवाडीत जी बाई असेल तिला दे.

कमळताई, डबा नको मला.

महालक्ष्मीआई तुम्हाला जवळ घेवो. आम्हा मायलेकींचा शेवटचा नमस्कार. 🙏