विल्फ्रेडला आठवलेली सहल

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. आमच्या वसईत चिंचेवरच्या आणि विहिरीतल्या बायकांच्या गोष्टी लहानपणी पुष्कळ ऐकल्या आणि प्रत्येक वेळी मी हसले. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली. हा भुताचा अनुभव आहे का, तेही मला सांगता येणार नाही... तुम्ही वाचा आणि ठरवा.

आम्ही १९७५ च्या सुमारास बहरीनला आलो. माझा नवरा विल्फ्रेड मनामातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये कुक, मी एका शिपिंग ऑफिसात टायपिस्ट. राहायला अरादला, तिथल्या किल्ल्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. मुलगा केविन इंग्लिश शाळेत. आम्ही मराठीत बोलायचो, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा.

विल्फ्रेडने जन्मभर दुसऱ्यांसाठी रांधलं. बसून जेवायची सवयच गेली होती त्याची. घरीसुद्धा ओट्याशी उभा राहून चार घास खायचा. त्यांच्या हॉटेलात जिनोआकडचा एक शेफ आला, बेप्पे नावाचा. तो सतत आपल्या समुद्रकिनाऱ्याबद्दल बोलायचा – डोंगराला चिकटलेली गावं, ताजी मासळी, भट्टीतून काढलेला तेलातला पाव. ऐकून ऐकून विल्फ्रेडच्या डोक्यात बसलं. म्हणाला, एकदा तिथे जायचं. मी खुर्चीत बसणार आणि दुसरं कुणीतरी रांधून मला वाढणार.

आखातातली आमची माणसं लीव्ह मिळाली की गावी जातात. घराचं बांधकाम, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं. आम्हीही तेच करत आलो होतो. पण १९८३ साली ठरवलं, आधी इटली, मग वसई.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्सानंतर चटईवर नकाशा पसरायचा, हा आमचा कार्यक्रम झाला. जिनोआहून निघून किनाऱ्याने खाली ला स्पेझियापर्यंत. घाई नाही. एका गावात मन भरलं की पुढच्या गावाची गाडी पकडायची. म्युझियम अजिबात नाही. चर्च बघायचं, पण ते जेवणाच्या वाटेवर असेल तर. त्याला कोळी जेवतात तिथे जेवायचं होतं, मला एकदा तरी होडीत बसायचं होतं. शेवटच्या गावातले दिवस आम्ही मुद्दाम मोकळे ठेवले. तिथे गेल्यावर बघू, म्हणालो.

लीव्ह मंजूर झाली. आणि एका दुपारी विल्फ्रेड किचनमध्ये कोसळला.

मेंदूत रक्तस्राव. सलमानियाच्या हॉस्पिटलात तो बेशुद्ध पडून होता. डॉक्टरांनी मला अंधारात ठेवलं नाही, आशा फार नव्हती. एक केरळची सिस्टर होती, ती हिंदीत म्हणाली की बोलत राहा, कधीकधी त्यांना ऐकू जातं. पण किती बोलणार? रोझरीची प्रार्थना झाली, घरच्या बातम्या झाल्या... मग मी सहल काढली.

रोज भेटायच्या वेळेत मी त्याला एका गावाला न्यायचे. आज आपण कामोलीला उतरलो. हा बघ पाव, हात भाजेल. आता होडी. मी चिंगूसपणे पुरवून पुरवून सांगायचे, कारण सहल संपली तर पुढे काय, हे मला कळत नव्हतं. शेवटी ते शेवटचं गाव आलंच. पुढचं काही आम्ही ठरवलंच नव्हतं. मी नुसता त्याचा हात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी गेले तर विल्फ्रेडचे डोळे उघडे. सिस्टर सलाइन बघत होती. तो माझ्याकडे बघून हळू, पण स्पष्ट बोलला, "पाय दुखायचे थांबले का तुझे?"

"कसले पाय?"

"एवढ्या पायऱ्या चढलीस ना. मी नको म्हणत होतो."

मला वाटलं, भ्रमात आहे. पण तो शांतपणे, दम खात सांगत राहिला. गाडी बोगद्यातून जाताना मध्येच समुद्र दिसायचा आणि मी बोलता बोलता थांबायचे – हे ठीक आहे, बोगदे बेप्पेने सांगितले असतील. मग तो त्या मोकळ्या दिवसांवर आला. शेवटच्या गावातल्या चर्चच्या मागून द्राक्षांच्या मळ्यांतून वर गेलो, म्हणाला. भिंतीतून अंजिराचं झाड बाहेर आलेलं एक घर. अंगणात दोन-तीन टेबलं, त्यातलं एक जुन्या होडीच्या फळ्यांचं, निळा रंग अजून राहिलेला. म्हातारी मालकीण. हा सवयीने तिच्या स्वयंपाकघरात डोकवायला गेला, तर तिने खांद्याला धरून आणून बसवलं.

"मी बसून जेवलो," तो म्हणाला. "उठलोच नाही."

मला राहवलं नाही. "आणि मी?"

"तू एवढी हसत होतीस..." तो माझ्याकडे बघत राहिला. "तुला आठवत नाही?"

मी म्हटलं, "आठवतं ना."

"बरं झालं जाऊन आलो," म्हणाला आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

नंतर मी बेप्पेला विचारलं. तो जिनोआच्या पलीकडच्या अंगाचा, त्या गावात कधी उतरलाच नव्हता. असं घर त्याला माहीत नव्हतं.

केविन कमावता झाल्यावर, १९८८ च्या सुमारास, मी त्याच्याबरोबर तिथे गेले. वाटेतल्या गावांत थांबवेना, थेट शेवटच्या गावी उतरलो. चर्चच्या मागे वाट होती. वर चढलो. भिंतीतून अंजिराचं झाड आलेलं होतं. अंगणात टेबलं, एक होडीच्या फळ्यांचं, निळ्या रंगाचे पोपडे धरलेलं.

केविनला मी सगळं सांगितलेलं होतं; त्याने एक खुर्ची ओढली. मग हळूच म्हणाला, "मम्मी, सिट डाऊन."

मी उभीच होते. वाट बघत होते. हात पुसत म्हातारी बाहेर आली. कुठल्याही गिऱ्हाइकाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि बोटांनी विचारलं, दोघंच?

तिने मला ओळखलं नाही.

घर खरं आहे म्हटल्यावर मला वाटलं होतं, मग आमचं तिथे जाणंही खरं असेल. केविनने डॅडीचा फोटो पुढे केला. तिने पदराला हात पुसतात तसे ॲप्रनला हात पुसून तो घेतला, उजेडात धरून बराच वेळ बघितला, आणि मान हलवली. जेवण आलं तेव्हा मी ताटावर रडले. तिने पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला.

केविन म्हणतो, डॅडीने कुठल्या तरी मासिकात फोटो पाहिला असेल. असेलही. आमच्या फादरांनी सांगितलं की यात खोल जाऊ नकोस. त्या सिस्टरनेही सगळं ऐकलं होतं, पण मराठी तिला कुठे कळणार?

घर मी डोळ्यांनी पाहिलं, एवढंच सांगू शकते. माझ्या नवऱ्याबरोबर तिथे कोण बसलं होतं, ते मला माहीत नाही. ती मीच असेन, तर मला त्यातलं काहीच मिळालं नाही. आणि दुसरी कुणी असेल... तर कधीकधी मला तिचा हेवा वाटतो.