माझे उपास अक्कांनी धरले

"मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, पण ऑपरेशन करता येईल," डॉक्टर म्हणाले. त्यांच्यासमोर बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट होता. मी जाम घाबरले. जुळे सोलापूरला घरी येईपर्यंत उपास बोलून मोकळी झाले. गुरुवार होताच, त्यात सोमवार, शनिवार आणि चतुर्थी. ऑपरेशन नीट पार पडेपर्यंत.

वजन आधीपासूनच उतरत होतं. ब्लाऊज सैल झाले म्हणून मी मनातून खूशच होते!

सीटी स्कॅन बघून डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, जेवता काय?" मी अभिमानाने उपास सांगितले. ते म्हणाले, "अंगावर चरबी आहे, पण स्नायू झिजलेत. याला सार्कोपेनिया म्हणतात. रक्तातलं प्रोटीनही कमी आहे. अशा वेळी जखम भरायला त्रास होतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. आधी अंगात ताकद आणा, मग ऑपरेशन."

मला हसूच आलं. दारातून आडवी जाणारी बाई मी, आणि मला कुपोषण!

पण घरी आल्यावर रडू फुटलं. उपास मोडले तर देवाचा कोप, धरले तर ऑपरेशन नाही. ह्यांनी समजावून पाहिलं, मी ऐकेना.

शेवटी नातेपुत्याहून माझ्या थोरल्या नणंदबाई, अक्का, आल्या. पिशवीत हुलगे, म्हणजे कुळीथ, आणि शेंगाची चटणी. सगळं ऐकून म्हणाल्या, "यवडंच व्हय? तुजे उपास मी धरते की. देवाला कुटं कळतंय कोण उपाशी हाय! तू जेव."

त्या उपाशी बसायच्या आणि मला हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, ताक, वरण भरवायच्या. आहारतज्ज्ञ बाईंना विचारूनच. संध्याकाळी कॉलनीत चालायला न्यायच्या. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "आता चालेल." ऑपरेशन झालं, टाकेही छान भरले.

तुमच्या घरी असं ऑपरेशन ठरलं, तर पेशंटच्या जाडीवर जाऊ नका. खाण्याचं डॉक्टरांना आधी विचारा.

उद्यापनाला स्वयंपाक मीच केला. पुरणपोळी वाढताना अक्कांच्या मनगटाकडे लक्ष गेलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी तुपाची धार थांबवलीच नाही.

"आगं बास की, लई झालं!"

"अक्का, गप जेवा," मी म्हणाले. "आता माझी पाळी."