तापलं की पाणी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा, कोळसा विझवायचे. पेटवणाऱ्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात, विझवणाऱ्याला कोण विचारतो? वीजकेंद्राच्या आवारात कोळशाचे डोंगर असत आणि उन्हाच्या तडाख्यात ते आतल्या आत आपोआप पेट घेत. भर दुपारी, बाकीचे सावली शोधत असताना, दाजी खांद्यावर जाड पाइप टाकून ढिगावर चढत आणि जिथे धग लागेल तिथे पाणी मारत. उभी हयात हेच केलं. सगळे त्यांना बंबवाले म्हणत. घरी वाफाळता चहा पुढे ठेवतानाही ताई बजावायची, "प्यायचाय हं, विझवायचा नाही!"

केंद्राने त्यांना पगार दिला, राहायला दोन खोल्या दिल्या आणि ताईला दमा दिला. खिडक्या लावून घेतल्या तरी राख आत यायची, पिठात पडायची, उशीवर बसायची. ताई झोपायची ती भिंतीला टेकून, बसल्या बसल्या.

मग वरून हुकूम आला. कोळसा बंद, आता उन्हावर वीज. मंडप पडला, भाषणं झाली. हवा शुद्ध ठेवा म्हणून सांगायला आलेल्यांच्या गाड्या बाहेर इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या, आतला गारवा जाऊ नये म्हणून. एकालाही वाऱ्यावर सोडणार नाही, असं एकाने छातीवर हात ठेवून सांगितलं. छाती त्याची ठणठणीत होती.

पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. चिमणी थंडावली आणि वर्ष सरायच्या आत ताई आडवी झोपायला लागली. एक दिवस जिना चढून माझ्या दारात उभी राहिली आणि चक्क हसली. धाप नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, "औषधाचं श्रेय मी घेत नाही. हवेने बऱ्या झाल्यात, आता ही हवा सोडू नका."

हवा सोडायची नाही तर गाव सोडून चालणार नव्हतं, आणि गावात राहायचं तर काम हवं. कोळशाच्या जागी काचेच्या पॅनेलांच्या रांगाच रांगा उभ्या राहिल्या, पण त्यांना माणसं लागणार मूठभर. दाजींनी ठेकेदाराचे उंबरठे झिजवले, तेव्हा पॅनेल धुवायचं काम मिळालं. इंजिनीअर बाई तरुण होत्या, पण मनाने चांगल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं, "बंबकाका, पहाटे धुवायचं. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते." दाजींनी मान डोलावली आणि हिवाळाभर अगदी तसंच केलं.

उन्हाळ्यात एका दुपारी त्यांना पॅनेलांखालचं गवत कापायला लावलं. ऊन मी म्हणत होतं. त्यातच कुंपणापलीकडे कोणीतरी कचरा पेटवला. जळका वास आला तसा दाजींनी जवळच्या पॅनेलवर हात टेकवला. चटका बसला. पुढचं हातांनीच केलं, डोक्याला विचारलंच नाही. पाइप उचलला आणि सगळी रांग भिजवून काढली. काचा तडतडायला लागल्या तेव्हा कुठे ते भानावर आले.

बाई धावत आल्या. "काका, अहो काय केलंत हे? मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं, बाई. पण तापलं होतं हो."

बाईंनी त्यांच्यासाठी रदबदली केली. ठेकेदार ढिम्म. "कोळशातली माणसं ही, काचेचं काम यांचं नव्हे," म्हणाला आणि दाजींबरोबर जुन्या केंद्रातल्या बाकीच्यांनाही घरी बसवलं. त्याला निमित्तच हवं होतं. एक सवय जन्मभर माणसाच्या अंगात मुरवायची आणि एका सकाळीत ती विसर म्हणायचं, याला शिकवणं म्हणतात म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण माझ्या आगीला कोण भीक घालतो?

दाजींनी कुठे कुठे विचारलं नाही? सगळीकडून वाटाण्याच्या अक्षता. बोलावणं आलं ते एकाच ठिकाणाहून. लांब, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नवं कोळशाचं वीजकेंद्र सुरू होत होतं. इथे बंद केल्याचे फोटो निघाले, तिथे सुरू केल्याचे. तिथे विझवणारा हवाच होता.

दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या ताईला इथेच ठेवून घे. मी एकटा जातो."

ताईने ऐकलंच. "एकटे जाऊन खाल काय? चूल पेटवता तरी येते का? नुसती विझवता येते."

आम्ही तिघंही हसलो. मग मी भांडलो, तोंडाला येईल ते बोललो. "मरायला चाललीस का तिकडे?" असंही म्हणालो. ती शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत राहिली. "अरे, हे तिकडे धुरात आणि मी इथे मोकळा श्वास घेत बसू? नाही जमायचं मला."

गेली. आता अधूनमधून फोन येतो. दाजींना मान आहे, खोल्या पहिल्यापेक्षा मोठ्या आहेत, असं ती सांगते. मधेच थांबते आणि फोन लांब धरून खोकते. मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं. मग दाजी फोन घेतात. त्यांनाही दुसरं काही सुचत नाही.

"बाकी काय? तिकडची हवा कशी आहे?"

"छान आहे, दाजी," मी म्हणतो. "अगदी स्वच्छ."