आमच्या घरात अर्थ नाही

मंडळी, आमच्या घरात अर्थ नाही. सौभाग्यवती हे लग्नापासून सांगते आहे, आज वायरमननंही सांगितलं.

न्हाणीतला जुना दिवा गेला होता. मेव्हण्यानं दिलेला पितळी दिवा तिथं लावावा, एवढीच माझी इच्छा. वायरमननं तारांवरची लाकडी पट्टी उचकटून पाहिली.

"भाऊ, इथं दोनच तारा आहेत. जमिनीत जाणारी अर्थची तार नाही. पितळेत करंट उतरला म्हणजे?"

"अरे, पण मेव्हणा रविवारी येऊन राहिला गा! दिवा दिसला नाही तर तोंड फुगवंल."

आतून सौभाग्यवती वायरमनला म्हणाली, "लावा ना, भाऊ. ओल्या हातानं त्याले मीच पुसतो रोज. माह्या भावाचं तोंड नाही फुगलं म्हणजे झालं."

मी पितळी दिवा कपाटावर ठेवला. न्हाणीत साधा काळा प्लास्टिकचा होल्डर लागला.

अर्थ आणायचा तर भिंत फोडावी लागेल, म्हणे. फोडू. थकलोय, पण फोडू.

तुमच्या घरात अर्थ आहे का हो? वायरमनला विचारा. बायकोला विचाराल तर फार मागचं निघेल.